अंडं खराब निघालं म्हणजे नेमकं काय निघालं?

पत्र:

ताई, नमस्कार. मी ३६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फलटणपासून थोडं आत आमचं गाव. लग्नाला नऊ वर्षं झाली. दोनदा आयव्हीएफ केलं. पहिल्या वेळी आठ अंडी निघाली, तिसऱ्या दिवशी दोन गर्भ सोडले, राहिलं नाही. दुसऱ्या वेळी सहा निघाली, त्यातली चार पक्की, तीन फलित झाली. तिसऱ्या दिवशी फोन आला, 'तिन्ही छान आहेत, आठ-आठ पेशींचे.' पाचव्या दिवशी फोन आला, 'तिन्ही थांबले.' कारण विचारलं तर म्हणाले, 'तुमची एग क्वालिटी खराब आहे.' माझं एएमएच १.१ आहे. मिस्टरांचा रिपोर्ट 'थोडा कमी, पण चालेल' असा होता, तो एकदाच काढला.

आता दुसऱ्या एका ठिकाणी सांगतात की अंड्याच्या भोवतीच्या पेशींची जीन टेस्ट करू, पस्तीस हजार, म्हणजे कुठलं अंडं चांगलं ते कळेल. शिवाय पावडरची पाकिटं, महिन्याला साडेचार हजार. आणि वाटलं तर अंडाशयात इंजेक्शन देऊन 'पेशी पुन्हा तरुण' करता येतात, असंही छापलेलं कागदावर दाखवलं. नाहीतर दात्याचं स्त्रीबीज घ्या म्हणतात.

घरी मेंढरं आहेत. सासरे परवा अंगणात कुणाला तरी म्हणाले, 'मेंढीला दोन-दोन होतात, आन् हितं एकाची वाट बघतोय.' मला ऐकू यावं म्हणून म्हणाले नाहीत, पण आलं. ताई, माझंच अंडं खराब, म्हणजे मीच खराब का? टेस्ट करू का? अजून एक, मी लग्नाआधीपासून दाताला मिश्री लावते. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. मला अगं-तूगंच करा.
– शाळेतल्या बाई

उत्तर:

बाई, तू म्हणालीस म्हणून अगं-तूगं करते.

मिश्रीचं सगळ्यात शेवटी लिहिलंस, अगदी दारातून बाहेर पडता पडता सांगावं तसं. त्यावर बोलणार आहेच, पण आधी त्या 'खराब' शब्दाचं बघू. मी वीस-बावीस वर्षं एम्ब्रियॉलॉजिस्ट म्हणून, म्हणजे प्रयोगशाळेत अंडी आणि गर्भ सांभाळायचं, काम केलं. हा शब्द फोनवर मीही वापरलेला आहे. दुपारचे दोन वाजलेले असतात, अजून चार जणींना फोन करायचे असतात, आणि समोरून प्रश्न येतो, 'का थांबले?' खरं उत्तर 'सांगता येत नाही' असं असतं. पण ते कुणालाच ऐकायला नको असतं, म्हणून तोंडातून 'एग क्वालिटी' येतं.

आम्हाला त्या बशीत काय दिसतं ते सांगते. ट्रिगरचं, म्हणजे अंडी पक्व करणारं शेवटचं, इंजेक्शन दिल्यावर साधारण ३६ तासांनी अंडी काढतात. अंडाशयात अंडं ज्या पाण्याच्या पिशवीत वाढतं तिला फॉलिकल म्हणतात; सुईतून त्या फॉलिकलमधलं पाणी नळीत येतं, ते बशीत ओततात, आणि मायक्रोस्कोपखाली आधी अंडं दिसतच नाही. दिसतो तो एक पुंजका. पिंजलेल्या कापसात भिजलेला साबुदाण्याचा दाणा अडकलेला असावा, तसा. दाणा म्हणजे अंडं, जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. कापूस म्हणजे त्याच्या भोवतीच्या पेशी, त्यांना क्युम्युलस म्हणतात. हजारोंनी असतात. फॉलिकलच्या आतून अस्तरासारख्या ज्या ग्रॅन्युलोसा पेशी असतात, त्यांच्यातलाच हा अंड्याला बिलगलेला भाग. इक्सी, म्हणजे अंड्यात सुईनं एकच शुक्राणू सोडणं, करायचं असेल तर हा कापूस काढावा लागतो. एका थेंबात एन्झाइम असतं, त्यात पुंजका अर्धा मिनिट ठेवायचा, मग बारीक होत जाणाऱ्या पिपेटींमधून आत-बाहेर, आत-बाहेर करायचं. पेशी सुटतात, थेंब गढूळ होतो, मधे स्वच्छ गोल अंडं उरतं. ते पुढच्या बशीत जातं, गढूळ थेंब कचऱ्यात. इतकी वर्षं तो थेंब मी टाकत आले आणि त्यात काय होतं याचा विचार फार उशिरा केला.

त्या थेंबात काय असतं, ते समजलं की तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

अंडं एकट्यानं जगू शकत नाही. त्याला साखर थेट वापरता येत नाही म्हटलं तरी चालेल. भोवतीच्या पेशी साखर घेतात, तिचं पायरुव्हेट करतात आणि ते अंड्याला पुरवतात. या पेशींचे केसासारखे बारीक हात अंड्याच्या जाड कवचातून आत गेलेले असतात, आणि जिथे टेकतात तिथे सूक्ष्म दारं असतात. ही दारं ज्या प्रथिनाची बनतात त्याचा जीन उंदरांमधून काढून टाकला, हे १९९७ सालचं काम, तर त्या माद्या वांझ निघाल्या. अंडी होती, पण पक्वच होईनात.

खाऊ घालणं हे एक काम. दुसरं काम झोपवून ठेवणं. तू आईच्या पोटात होतीस तेव्हाच तुझी सगळी अंडी तयार झाली, आणि विभाजनाच्या मधल्या एका टप्प्यावर थांबली. तेव्हापासून ती थांबलेलीच आहेत. १९३५ साली ग्रेगरी पिंकस यांनी सशाची अंडी फॉलिकलमधून बाहेर काढली, तर ती आपोआप जागी होऊन पुढे सरकली. म्हणजे आत असताना त्यांना कुणीतरी धरून ठेवत होतं. ते धरणारे हेच शेजारी. ट्रिगर मिळाला की आधी त्यांना कळतं, ते पकड सोडतात, भोवती चिकट द्रव ओततात, घट्ट लाडू असतो त्याचा पिंजलेला कापूस होतो, आणि अंडं जागं होतं.

आता यात जीन कुठे येतात? तू शिक्षिका आहेस म्हणून शाळेतलंच सांगते. शाळेच्या कपाटात सगळ्या इयत्तांची सगळी पुस्तकं असतात, पण आत्ता तिसरीच्या वर्गात बाकावर कुठलं पुस्तक उघडं आहे, त्यावरून तिथे काय चाललंय ते कळतं. प्रत्येक पेशीत सगळे जीन असतात. त्यातले आत्ता कुठले उघडे आहेत आणि किती जोरात वाचले जातायत, ते त्या पेशीतल्या आरएनएवरून, म्हणजे उघड्या जीनच्या उतरवून घेतलेल्या नकलांवरून, मोजता येतं. तुला सांगितलेली 'जीन टेस्ट' ती हीच. तुझ्या जीनमध्ये दोष आहे का, हे ती बघत नाही. हा फरक त्यांनी सांगितला होता का? बहुतेक नसावा, कारण तुझ्या पत्रात 'माझ्या जीनमध्ये काही असेल का' अशी धास्ती ओळींच्या मधे दिसते.

आणि आता तुझ्या सासऱ्यांची मेंढी.

बाई, ते वाक्य वाचून मला आधी राग आला, आणि मग हसू आलं, कारण त्यांनी नकळत नेमक्या जागी बोट ठेवलंय. तुमच्याकडची दख्खनी मेंढी, लोणंदकडची, एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. हे सासऱ्यांना माझ्याहून चांगलं माहीत असेल. पण तुमच्याच फलटणमध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, सगळे तिला नारी म्हणतात. त्यांनी बंगालच्या सुंदरबनातली गरोळ जातीची मेंढी आणली. दिसायला बारकी, पण जुळी-तिळी देणारी. तिचा तो गुण दख्खनी मेंढीत उतरवला आणि जी तयार झाली तिला नारी सुवर्णा म्हणतात. तुमच्या वाड्यात जुळं देणाऱ्या मेंढ्या असतील, तर त्यांच्यात हे रक्त असण्याची शक्यता बरीच आहे. विचारून बघ त्यांना.

त्या गुणामागे एकच जीन आहे, फेकबी. ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेंढ्यांमध्येही तोच आहे, आणि त्यांच्याकडे तो अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून गेलेल्या मेंढ्यांकडून आला, असं मानतात. २००१ साली तो नेमका कुठे आहे ते सापडलं. अंडाशयातल्या एका प्रथिनात एका जागी एक घटक बदललेला. हे प्रथिन म्हणजे अंड्याच्या भोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशींवरचा, आणि अंड्यावरचाही, निरोप घेणारा खांब. तो बदलला की भोवतीच्या पेशी लवकर पक्व होतात, फॉलिकल लहान असतानाच तयार होतात, आणि एकाच्या जागी दोन-तीन अंडी सुटतात. म्हणजे मेंढीला 'दोन-दोन होतात' ते शेजारच्या पेशींनी निरोप वेगळा ऐकल्यामुळे!

याची दुसरी बाजू न्यूझीलंडमधल्या इन्व्हरडेल मेंढ्यांत दिसते. तिथे बदल निरोप पाठवणाऱ्याच्या जीनमध्ये आहे. हा निरोप अंडं स्वतः पाठवतं. बदललेल्या जीनची एक प्रत असलेल्या मेंढीला जास्त कोकरं होतात. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर ती मेंढी वांझ, फॉलिकल वाढतच नाहीत. तोच जीन, तोच कळप. सासऱ्यांना हे कसं सांगायचं ते तू ठरव. मला विचारशील तर मेंढीच्या निमित्ताने सांग, तुझ्या निमित्ताने नको. मेंढपाळ माणसाला मेंढीतलं लगेच कळतं.

तर अंडं बोलतं आणि शेजारी ऐकतात, शेजारी पुरवतात आणि अंडं वाढतं. दोघांचं मिळून ते चाललेलं असतं. 'अंडं खराब' म्हणताना आपण एकाचंच नाव घेतो. आणि 'मी खराब का' हा तुझा प्रश्न तर या सगळ्यात कुठे बसतच नाही. दोन महिन्यांतल्या चौदा अंड्यांवरून छत्तीस वर्षांच्या बाईला कोण मोजतं?

आता टेस्ट. मी ती थोतांड म्हणणार नाही. २००४ साली अमेरिकेतल्या एका गटानं क्युम्युलस पेशींतले तीन जीन मोजले. एक त्या चिकट द्रवाचा, बाकीचे दोनही अंड्याच्या निरोपावर चालू होणारे. ज्या अंड्यांभोवती हे जीन जास्त चालू होते, त्यांचे गर्भ जास्त चांगले निघाले. तेव्हापासून जगभर अशी कामं झाली. आपल्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेतही पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरकांच्या बिघाडाचा विकार) असलेल्या बायकांच्या ग्रॅन्युलोसा पेशींत जीनवरच्या खुणा कशा बदलतात, यावर काम झालंय. ही तीच संस्था, जिथे केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर डॉ. आनंद कुमारांनी केलेल्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली. तेव्हा कल्पना चांगली आहे. फेकून दिल्या जाणाऱ्या थेंबातून, अंड्याला हात न लावता, काही कळत असेल तर कुणाला नको आहे?

अडचण अशी की एका ठिकाणी जे जीन महत्त्वाचे ठरले ते दुसऱ्या ठिकाणी ठरतातच असं नाही. इंजेक्शनं कुठली दिली, वय किती, पीसीओएस आहे का, पेशी अंड्याच्या अगदी जवळच्या घेतल्या की लांबच्या, यावर आकडे हलतात. म्हणून ती रोजच्या उपचारात रुळलेली नाही.

पण तुझ्यापुरता मुद्दा याहून सोपा आहे. ही टेस्ट काय करते? अंड्यांना नंबर लावते, पहिलं, दुसरं, तिसरं. अंडं सुधारत नाही, नवं देत नाही. एखादीचे पंधरा-वीस गर्भ तयार होतात, त्यातला कुठला आधी सोडायचा हा तिच्यापुढे प्रश्न असतो. तुझी तीन फलित झाली. तिघांना नंबर लावले असते तरी तू तिघांनाही पाचव्या दिवसापर्यंत वाढवलंच असतंस. नंबर कळून तुझा एकही निर्णय बदलला नसता. मग पस्तीस हजार कशाचे? एवढ्या पैशात आयव्हीएफच्या पुढच्या सायकलची इंजेक्शनं बरीचशी निघतील.

'पेशी पुन्हा तरुण' या कागदाचं मूळ बहुधा कुठे आहे, तेही सांगते. २०२४ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून एक काम प्रसिद्ध झालं, आणि ते खरंच सुंदर आहे. त्यांनी म्हाताऱ्या उंदरिणीचं अंडं काढून तरुण उंदरिणीच्या फॉलिकलमध्ये बसवलं, आणि तरुण अंडं म्हाताऱ्या फॉलिकलमध्ये. म्हाताऱ्या अंड्याची तब्येत सुधारली. ते केसासारखे हात पुन्हा वाढले, गुणसूत्रांची वाटणी जास्त नीट झाली, त्यांतून पिल्लंही जन्मली. आणि तरुण अंडं म्हाताऱ्या शेजारात बिघडलं. पूर्णपणे नाही, म्हातारं अंडं अगदी तरुण काही झालं नाही. शेजाराला किती किंमत आहे ते मात्र दिसलं. पण हे सगळं उंदरांत, एकेक फॉलिकल बाहेर काढून, बशीत वाढवून केलेलं. अंडाशयात सुईनं रक्तातला पदार्थ टोचण्याशी त्याचा काही संबंध नाही. ते इंजेक्शन आजही प्रायोगिकच आहे. प्रयोगात भाग घ्यायचा असेल तर प्रयोगाला पैसे मोजावे लागत नाहीत, हे लक्षात ठेव.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ वेगळीच आहे. 'तिसऱ्या दिवशी तिन्ही छान, पाचव्या दिवशी तिन्ही थांबले.' माणसाचा गर्भ पहिले दोन-तीन दिवस अंड्यातल्या साठवणीवर चालतो. आईनं आधीच भरून ठेवलेल्या डब्यांवर. चार ते आठ पेशी होतात त्या सुमारास गर्भाचे स्वतःचे जीन बोलू लागतात, आणि त्यात अर्धे बापाचे असतात. तुझ्या अंड्यांनी त्यांच्या वाटणीचा पहिला प्रवास व्यवस्थित पार पाडला. गाडी थांबली ती नेमकी दोघांनी मिळून चालवायची वेळ आली तेव्हा. याचा अर्थ दोष मिस्टरांचा, असं मी म्हणत नाही. तेव्हा थांबण्याची कारणं अंड्याकडूनही येतात, विशेषतः गुणसूत्रांची चुकीची वाटणी. पण 'एग क्वालिटी' म्हणून फाइल बंद करायला हा पुरावा पुरत नाही. त्यांचा रिपोर्ट 'थोडा कमी' असताना तो एकदाच काढला, आणि त्यानंतर तुझ्या दोन सायकली झाल्या, हे मला पटलेलं नाही. आधी त्यांची तपासणी पुन्हा, नीट, आधीच्या संबंधांनंतर दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवून. मग पुरुषांच्या प्रजननाचं बघणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः हात लावून तपासणं. रिपोर्टचा कागद नुसता व्हॉट्सॲपवर पाठवून ते होत नाही.

आणि एक गणित, तू वर्गात घालतेस तसलं. चांगल्या प्रयोगशाळेतही फलित झालेल्यांपैकी साधारण निम्मेच पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पोचतात. तीन वेळा नाणं उडव. तिन्ही वेळा काटा पडायची शक्यता आठात एक. गर्भ काही नाणी नव्हेत, एकाच महिन्यातली अंडी एकमेकांपासून अगदी सुटीही नसतात. पण आठात एक म्हणजे दुर्मीळ नव्हे, हे तू चौथीच्या मुलांनाही पटवून देशील. तुझ्या बाबतीत नशिबाचा वाटा किती, हे एका सायकलवरून कुणालाच सांगता येणार नाही.

वयाबद्दल मात्र गोड बोलून चालणार नाही. ३६ हे वय मधलं आहे. अंड्यातल्या गुणसूत्रांना जोडून धरणारा गोंद वर्षांबरोबर सुटत जातो. तो आईच्या पोटात लागलेला, नव्याने भरला जात नाही. चाळिशीनंतर निम्म्याहून जास्त अंड्यांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. तुझ्या वयात प्रमाण बरंच कमी, पण पंचविशीपेक्षा जास्त. म्हणून रेंगाळायचं नाही. घाबरून दात्याचं बीज घ्यायची वेळही आलेली नाही. तो मार्ग वाईट नाही, कायद्याने नीट आखलेला आहे. २०२१ च्या कायद्यानुसार दाती २३ ते ३५ वर्षांची लागते आणि आयुष्यात एकदाच देऊ शकते. पण तो मार्ग तू निवडायचास, फोनवरच्या कुणी नव्हे.

एएमएच १.१ वर दोन ओळी, कारण त्या आकड्यानं बायकांची झोप उडते. हे संप्रेरक त्याच ग्रॅन्युलोसा पेशी तयार करतात, लहान फॉलिकलमधल्या. त्यावरून उरलेल्या फॉलिकलचा अंदाज येतो, इंजेक्शनं दिल्यावर किती अंडी निघतील तेही. पण अंडं कसं आहे, ते त्यातून कळत नाही. २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० बायका अभ्यासल्या. ०.७ पेक्षा कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकपणे दिवस राहण्यात इतरांपेक्षा कमीपणा दिसला नाही. तुझा इतिहास वेगळा आहे, तेव्हा हे जसंच्या तसं तुला लागू नाही, पण आकड्याची लायकी कळावी म्हणून सांगितलं.

पाकिटं. त्यात बहुधा कोएन्झाइम क्यू-१० असेल, डीएचईए असेल, बाकी जीवनसत्त्वं. क्यू-१० नं म्हाताऱ्या उंदरिणींच्या अंड्यांना फायदा झालेला आहे, माणसात पुरावा अजून तोकडा. घेऊन बिघडणार फारसं नाही, पण डॉक्टरांना विचारून साधी गोळी घे. डीएचईए हे संप्रेरक आहे, ते स्वतःहून घ्यायचं नाही. पाकिटावर काय काय लिहिलंय त्याचा फोटो काढून डॉक्टरांना दाखव. फॉलिक ॲसिड चालूच असेल. थायरॉइड आणि साखर सहा महिन्यांत तपासली नसेल तर तपास.

आणि आता मिश्री.

लाजू नकोस. माझ्या आजीच्या फडताळात डबी असायची, आईच्याही, आणि दोघी शिकलेल्या होत्या. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घासायला म्हणून घेतली तरी हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, आणि भाजताना तयार होणारी बेन्झोपायरिनसारखी द्रव्यं त्यात असतात. रक्तात गेलेलं फॉलिकलपर्यंत पोचतं का? धूम्रपान करणाऱ्या बायकांच्या फॉलिकलमधल्या पाण्यात निकोटीनपासून बनणारं कोटिनिनही सापडलंय आणि बेन्झोपायरिनही. म्हणजे ज्या पाण्यात ते अंडं आणि त्याचे शेजारी बसलेले असतात, त्याच पाण्यात. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळीही इतरांपेक्षा लवकर जाते. तुझ्या दोन सायकली मिश्रीमुळेच गेल्या, असं मी म्हणणार नाही, कुणीच म्हणू शकत नाही. पण तुझ्या हातात असलेली जी एक गोष्ट या पेशींपर्यंत खात्रीनं पोचते, ती ही आहे. पस्तीस हजार न देता.

सोडायला त्रास होईल. पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, सकाळी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. सकाळची घासणी आधी ठेवून रात्रीची आधी बंद करणाऱ्या बायका मी बघितल्यात, जमतं त्यांना. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, तिथे विचार. मिस्टर तंबाखू मळत असतील, विडी ओढत असतील तर त्यांचीही त्याच दिवशी बंद. शुक्राणू तयार व्हायलाही अडीच-तीन महिने लागतात.

तुलाही तेवढेच लागतील. फॉलिकल शेवटच्या टप्प्यातून वाढत अंडं सुटेपर्यंत साधारण ८५ दिवस जातात. आज जे अंडं निघेल त्याच्या शेजारच्या पेशींनी गेल्या तीन महिन्यांतलं तुझं रक्त प्यायलेलं असतं. म्हणून आज सोडलीस तर पुढच्या महिन्यात फरक शोधू नकोस. आत्ता सुरुवात केलीस तर परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी लागेल तेव्हा, किंवा दिवाळीच्या सुटीत, जे तुझ्या वेळापत्रकात बसेल ते, तिसरी सायकल करायची की नाही हे शांतपणे ठरवता येईल. 'नाही' हेही उत्तर आहे. त्यासाठी माझी परवानगी नको, कुणाचीच नको.

तोवर एक काम कर. जिथे दुसरी सायकल झाली तिथे जा आणि प्रयोगशाळेचा कागद माग. डिस्चार्ज कार्ड नव्हे, एम्ब्रियॉलॉजीचा कागद. तो तुझा आहे, मागितला म्हणून कुणी रागावलं तरी माग. त्यात ट्रिगर किती वाजता दिलं आणि अंडी किती वाजता काढली, पक्की चार कुठली, साधं फलन केलं की इक्सी, चौथ्या दिवशी काय दिसलं, हे असायला हवं. चौथ्या दिवसाची नोंद बहुतेक ठिकाणी नसते, पण असली तर फार उपयोगाची. इंजेक्शनांचा प्रकार आणि डोस दोन्ही सायकलींत तेच होते का, तेही बघ. सहापैकी दोन कच्ची निघाली, तेव्हा ट्रिगर किंवा त्याची वेळ बदलून बघायला वाव आहे का, हे नव्या डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. नव्या ठिकाणचा नोंदणी क्रमांकही बघून घे, तो भिंतीवर लावलेला असायला हवा. आणि मिश्रीचं पहिल्याच भेटीत सांग, उठता उठता नको.

कागद मिळाला की मोबाइलवर फोटो काढून पाठव. घडी पडलेला भाग सरळ करून, उजेडात. मागच्या पानावर पेन्सिलीनं काही खरडलेलं असेल तर तेही पाठव. आम्ही खरं ते तिथेच लिहितो.